एकाच शटडाउनमधले दोन बदल

सुरेखा,

तुझ्याविषयी लिहायला मी बसावं हा आगाऊपणा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तुझ्या घरची माणसं आहेत. तुझ्याकडे शिकून आज मोठमोठ्या कारखान्यांचे पॅनल सांभाळणारे इंजिनिअर आहेत. आपल्या बॅचमध्ये माईक हाती आला की सहज बोलू लागणारे तर कितीतरी. त्यांच्यापैकी कुणीही हे माझ्यापेक्षा बरं लिहिलं असतं. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातला पहिला लेख लिहिणाऱ्या बाईने निदान विषय तरी सोपा घ्यावा, तेही मला जमलेलं नाही. बॅचच्या अंकाचं काम पाहणाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी नकार दिला होता. मग मीच फोन करून तो मागे घेतला. कारण एवढंच, की आपला एक वाद अर्ध्यावर राहिला आहे, आणि तो ज्यांच्यापुढे ठेवता येईल अशी माणसं हा अंक वाचतात. श्रद्धांजलीला हे कारण पुरेसं नसेल, तर तूही आणि वाचकांनीही मला क्षमा करावी.

तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, तुझे सत्कार यांतलं मी काही लिहिणार नाही. ते सगळं शोकसभेत वाचून दाखवलं गेलं. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, की ही कुणी भलतीच, फार गुळगुळीत बाई आहे. तू कधी कुणाला टोचून बोललीस, असा त्यात एकही उल्लेख नव्हता.

मला आठवतेस ती कॉलेजातल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी. आडनावांच्या क्रमाने आपली जोडी लागली होती. तू गोवंडीहून यायचीस, मी मुलुंडहून. पुढे निकालात माझं नाव वर होतं आणि त्यानंतर ते कुठेच नव्हतं. लग्न, सासूबाईंचं दीर्घ आजारपण, मुलगा, त्याच्या शाळा. तू मात्र थेट कारखान्यात गेलीस, आणि तेही अशा काळात, जेव्हा पॅनलरूममध्ये, म्हणजे जिथून यंत्रं चालवतात त्या खोलीत, बाईला खुर्ची द्यावी की नाही यावरच तिथे विचार चालू असे. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला त्या वर्षी तुझा फोन आला. तू विचारलंस, "अपे, घरात बसून कुणाची लूप ट्यून करतेयस? आता ये की इकडे." मी म्हणाले, मी सगळं विसरले आहे. त्यावर तू, "विसरलीस ते बरंच झालं गं, आता नवीनच आलंय सगळं."

अशी मी आयुष्याच्या उत्तरार्धात नोकरीला लागले: अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला आपला जुना, बुटका कारखाना, ज्याच्या कुंपणापलीकडे आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि ज्यांच्या बाल्कनींतले लोक आपल्याकडे नेहमी संशयाने पाहतात. पहिले कित्येक महिने तू माझ्या शेजारी बसून होतीस. मी चुकले की सर्वांसमोर बोलायचीस, आणि बरोबर ठरले की काहीच बोलायची नाहीस. मी त्या मौनाची वाट पाहू लागले होते, हे तुला ठाऊक होतं का?

बॅचमधले अर्धेअधिक जण आता बँकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणून आपलं काम त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण रेझिन करतो, म्हणजे चिकटवण्याच्या कामी येणारी कृत्रिम राळ. ती एका मोठ्या बंद पातेल्यात शिजते. त्या पातेल्याला कारखान्यात केटल म्हणतात. माल भरून, गरम करून सुरुवात करून द्यायची. एका टप्प्यानंतर तो स्वतःच तापू लागतो. तिथून पुढचं काम तापवण्याचं नसतं, आवरण्याचं असतं. केटलच्या आतल्या नळ्यांतून थंड पाणी सोडायचं, आणि किती सोडायचं हे कंट्रोलरने तपमान बघून ठरवायचं. त्यासाठी त्याच्या पोटातले आकडे नेमके बसवणं म्हणजे लूप ट्यून करणं. पाणी कमी पडलं तर माल उफाळतो, आणि उफाळून वेळेत आवरला नाही तर केटलमध्येच दगडासारखा बसतो. मग केटल थंड करून, धुऊन, आतली हवा तपासून, माणसांना छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरावं लागतं.

तावडे एकदा असे उतरले होते. आपले सर्वांत जुने ऑपरेटर. त्या दिवसांबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नाहीत. पण केटलचं झाकण उघडं असलं, की ते त्याच्या बाजूने जात नाहीत, वळसा घालून जातात. तू मला पहिल्याच आठवड्यात ते दाखवलं होतंस. बाकी सगळं पुस्तकात मिळेल, म्हणालीस, हे मिळणार नाही.

जुना कंट्रोलर तुझ्या लाडाचा होता. त्याला तू आजोबा म्हणायचीस. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, दुरुस्त करणारे निवृत्त झाले, आणि तो बदलण्याचा निर्णय झाला तेव्हा तूच सर्वांत आधी सही केलीस. प्रेम आपल्या जागी, म्हणालीस, पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाकडे केटल सोपवत नाहीत. दोन केटलपैकी पहिलीवर नवा कंट्रोलर बसला. चकचकीत, हाताच्या तळव्याएवढा, आजोबांच्या कित्येक पट वेगवान. बसवणाऱ्या कंपनीच्या मुलांनी आजोबांच्या पोटातले सगळे आकडे जसेच्या तसे नव्यात भरले, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि पहिल्याच घाण्याला तपमान हेलकावे खाऊ लागलं.

जिथे पडद्यावरची रेघ सरळ जायला हवी, तिथे लाट, आपल्या भाषेत हंटिंग. पाण्याचा व्हॉल्व्ह सारखा उघडतोय, मिटतोय, उघडतोय. माल बाहेर पडला तो कधी पातळ, कधी घट्ट. घाण्यामागून घाणा तसाच. वरून साहेबांचे फोन सुरू झाले. आपण पैसे घालून चांगली वस्तू आणली आणि काम बिघडलं, हे त्यांना समजावून सांगणं अवघड होतं. खरं म्हणजे ते आपल्यालाच समजत नव्हतं.

इथून आपला वाद सुरू झाला.

तुझं म्हणणं होतं, की दोष वेगाचा. आजोबा मंद होते. तपमान बघून, थोडं थांबून ठरवायचे. त्यांचे आकडे त्या मंदपणाला धरून बेतलेले होते. नवा कंट्रोलर क्षणात अनेकदा बघतो आणि प्रत्येक बारीकशा थरथरीला धावून जातो. तावड्यांना तू ते एका वाक्यात सांगितलंस. "नवीन सून आहे ओ ती. सासूनं हाक मारायच्या आत चहा टाकते, आणि चहा कुणी मागितलेलाच नसतो." तावडे हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ह्या मॅडमचं काय म्हणणं? सून चांगली, पण कानानं जड?"

जवळजवळ तसंच होतं. माझं म्हणणं, की नवा कंट्रोलर शहाणा आहे, पण त्याला बातमी उशिरा पोहोचते. पूर्वी केटलच्या तपमापकाची तार थेट आजोबांपर्यंत यायची. आता सगळं एकाच केबलवरून जात होतं: केटलचं तपमान, पॅनलरूमचे पडदे, अहवालांचा संगणक, आणि वरच्या मजल्यावर साहेबांनी पाहुण्यांना दाखवण्यासाठी लावून घेतलेला तो भिंतभर पडदा. सगळे सारखी माहिती मागत होते. त्या गर्दीत तपमानाचा आकडा अडकत होता, आणि कंट्रोलर शिळ्या आकड्यावर निर्णय घेत होता. वेग कमी करून काय साधणार? बहिऱ्या माणसाने हळू बोलल्यासारखंच ते.

तू माझं म्हणणं उडवून लावलंस. मग दुसऱ्या दिवशी, डबा खाताना, तुझ्या घावनाचा तुकडा माझ्या ताटलीत टाकत विचारलंस, की समजा तुझं खरं असेल तर ते कशावरून दिसेल? मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. कुणी माझ्याशी माझ्या विषयावर भांडावं, आणि भांडण जिंकण्यापेक्षा त्यातलं खरं काढण्यात त्याला जास्त रस असावा, हे माझ्या आयुष्यात तोवर घडलं नव्हतं. घरी माझं म्हणणं ऐकलं जायचं. ऐकून बाजूला ठेवलं जायचं. तू ते उचलून, उलटं करून, खालून ठोकून बघत होतीस.

आता ती दुपार.

केटल मालाने भरून ताप धरू लागली होती. लाट सुरू झाली, आणि या वेळी ती दर हेलकाव्याला मोठी होत गेली. पडद्यावर आकडा चढला, उतरला, पुन्हा त्याहून वर चढला. तू मला केटलच्या फलाटावर पाठवलंस, तिथल्या काट्याच्या तपमापकापाशी. तो कुठल्याही केबलला जोडलेला नाही. घड्याळासारखी साधी तबकडी. पॅनलरूमचं दार उघडं ठेवायला सांगितलंस. फलाटावर तावडे आधीच होते, पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायच्या जुन्या चाकापाशी.

आपल्या पॅनलरूमची एक रीत तू घालून दिली होतीस. कंट्रोलरकडून काम काढून स्वतः करायचं झालं, तर तसं मोठ्याने सांगायचं, आणि दुसऱ्याने ते तितक्याच मोठ्याने परत म्हणायचं. परत म्हटलेलं ऐकू येईपर्यंत काम घेतलं असं धरायचं नाही. तुझ्या पहिल्या कारखान्यात दोघांनाही दुसऱ्याने घेतलंय असं वाटलं होतं, एवढंच तू एकदा सांगितलं होतंस. पुढचं मी विचारलं नाही.

आतून तुझा आवाज आला. "हातात घेतलं!"

मी परत म्हणाले. तुला ऐकू गेलं नाही. पंख्यांचा आणि पंपांचा घोष, आणि माझा आवाज हा असा, जन्मभर खालच्या पट्टीतला. तू पुन्हा ओरडलीस, आणि पाठोपाठ, रागाने नव्हे, अगदी कोरडेपणाने, "अपे, कुजबुजून केटल थांबत नाही गं."

मग मी ओरडले. पलीकडच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने वळून पाहिलं, एवढं मला आठवतं. त्यानंतर मी फक्त तबकडी वाचत गेले. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. पुन्हा चौऱ्याण्णव. तू आत बसून, पडद्याकडे न बघता, माझ्या आवाजावर व्हॉल्व्ह उघडत होतीस. शहाण्णव. तावडे काट्याकडे बघत नव्हते. झाकणाकडे बघत होते. काटा शहाण्णववर थरथरत राहिला, कितीतरी वेळ, आणि मग पंचाण्णवकडे झुकला. मी तो आकडा म्हटला. चौऱ्याण्णव म्हटल्यावर तू शांतपणे म्हणालीस, चालू ठेव, थांबू नको.

घाणा वाचला. तावडे फलाटाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी बूट काढून पुन्हा घातले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि आपण दोघी पाण्याचे ग्लास पुढ्यात घेऊन भांडायला बसलो. मी म्हणाले, बघ, तबकडी चौऱ्याण्णव दाखवत होती तेव्हा तुझ्या पडद्याच्या नोंदीत ब्याण्णव आहेत; बातमी उशिराच येते, आता तरी मान. तू म्हणालीस, तबकडीची काडी केटलच्या तळाशी आहे, दुसरा तपमापक मध्यावर. दोघांत फरक आजोबांच्या काळापासून आहे. तू मग व्हॉल्व्हची रेघ काढून दाखवलीस, करवतीच्या दात्यांसारखी, आणि म्हणालीस, हा बघ सुनेचा चहा. मी म्हणाले, शिळ्या बातमीवर धावणारी सूनही असेच दाते काढील. एकच दुपार, एकच कागद, आणि दोघींना त्यात आपापलं खरं दिसत होतं.

तोडगा साहेबांनी काढला. आपले प्लँट मॅनेजर, वयाने आपल्याहून लहान, स्वभावाने वाईट नाहीत. पण कारखाना बंद ठेवणं त्यांच्या जिवावर येतं. ते म्हणाले, एकच शटडाउन मिळेल. एकीचं औषध वेग कमी करण्याचं, दुसरीचं पडद्यांना वेगळी केबल टाकण्याचं. दोन्ही करून टाका आणि मला केटल शांत करून द्या.

तू नाही म्हणालीस. सर्वांसमोर, उभं राहून. दोन औषधं एकदम दिली तर कुठल्याने बरं वाटलं हे कोण सांगणार? उद्या दुसऱ्या केटलवर नवा कंट्रोलर येईल, परवा या केबलवर आणखी चार पडदे येतील, तेव्हा आपल्याला काय माहीत असेल? एक बदल करा, थांबा, बघा. मग दुसरा.

मी साहेबांच्या बाजूने बोलले. त्या खोलीत मी तुझ्याविरुद्ध बोलण्याची ती पहिलीच वेळ. मी म्हणाले, तिथे फलाटावर माणूस उभा असतो. ज्ञान नंतर मिळवता येईल. आधी केटल थांबली पाहिजे. आजही मला वाटतं की माझं ते म्हणणं चूक नव्हतं. तुला आजही वाटलं असतं की ते होतं.

बाहेर आल्यावर तू माझ्याकडे बघून, घरच्या मालवणीकडे झुकत म्हणालीस, "तोंड फुटलं तुला, ते पण माझ्यावरच. बरं झालं. पण माका विचारशील तर आपण आज केटल बंद नाय केली, डोळे बंद केले."

दोन्ही बदल झाले. रेघ सरळ झाली. पुन्हा पेढे आले. तू तुझा माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, खा, तुझ्या केबलचा. मी माझा तुझ्यापुढे सरकवला. त्यानंतर रोज, काही ना काही निमित्ताने, आपण त्याच जागी येत होतो. साहेबांच्या भिंतभर पडद्यावर पाहुण्यांना केटलची सरळ रेघ दाखवली जाई, आणि त्यांच्या मागे उभी राहून तू माझ्या कानात विचारायचीस, कुणाची गं ही रेघ?

मग तुझा ताप.

मी घाटकोपरच्या रुग्णालयात तुला भेटायला येत होते तेव्हा तू उशाशी बसवून मला पहिलं काय दाखवलंस, तर पलंगाच्या पायथ्याशी लावलेला तुझ्या तापाचा तक्ता. वर, खाली, पुन्हा वर. तुझ्या लेकीला ते सहन होत नव्हतं, ती बाहेर गेली. तू म्हणालीस, केटलसारखा हंटिंग करतोय बघ, डॉक्टरांना सांग डेरिव्हेटिव्ह, तो घाईचा आकडा, कमी करायला. मी हसले. त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांनी आधीची औषधं थांबवून नवी दोन एकदम सुरू केली. मी आले तेव्हा तुला बसवत नव्हतं, पण तू तेवढ्यासाठी मान वळवलीस.

"बघ. हितं पण दोन्ही एकदम."

 माझ्या मनात एवढंच होतं, की दोन का, चार देऊ देत, दहा देऊ देत, कुठल्याने बरं वाटलं हे मला कधीही कळलं नाही तरी चालेल. ते तुला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "हितं तुझंच बरोबर आहे, अपे. पण केटल म्हणजे मी नाय."

डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं केलं. माझी त्यांच्याबद्दल कसलीच तक्रार नाही. ताप दोन दिवस उतरला होता. रेघ खाली आली आणि तिथे टिकली. मी मेट्रोत उभी असताना तुझ्या लेकीने पाठवलेला आकडा वाचला आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, की माझ्या मैत्रिणीला बरं आहे. माझ्यासारखी मुखदुर्बळ बाई. त्या बाईनेही छान म्हटलं. पुढचं तू जाणतेस, किंवा जाणत नाहीस. मला त्याविषयी काहीच सांगता येत नाही.

तुला सांगायचं राहून गेलं ते इतकं साधं आहे की लिहिताना संकोच वाटतो. तू मला नोकरी दिलीस याबद्दल मी आभार मानले होते, आणि तू हात झटकला होतास. पण तू माझ्या म्हणण्याला विरोध करण्याइतकं महत्त्व दिलंस, याचे आभार मानायला हवे होते, ते मानले नाहीत. तुझ्यामागे सर्वजण माझ्याशी फार मृदूपणे वागतात. परवा मी मुद्दाम पॅनलरूममध्ये एक चुकीचं विधान करून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दुसऱ्या केटलवर नवा कंट्रोलर येतो आहे, स्वतःच्या केबलसह, आणि तिच्यावरही पडदे लागणारच. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की पहिलीवर जे जे केलं ते सगळं दुसरीवर जसंच्या तसं करा. त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला होता. मी म्हणाले, नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी त्यांना तुझंच म्हणणं सांगितलं: एका वेळी एक बदल. कारण केटल नंबर दोन पहिलीपेक्षा मोठी आहे, तिचा माल अधिक जोरात तापतो, आणि तिथे नुसती नक्कल पुरेल की नाही, हे आपल्याला पहिली का शांत झाली ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. एका माणसाच्या जिवाची काळजी म्हणून मी तेव्हा दोन्ही करा म्हटलं होतं. आज त्याच माणसाची काळजी मला उलट्या बाजूला उभी करते आहे. तू असतीस तर यावर काय काय बोलली असतीस, याची मला चांगली कल्पना आहे.

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे, पण कुठला आधी ते तुम्ही ठरवा, आणि शुक्रवारपर्यंत मला सांगा. शिवाय पहिला घाणा निम्म्या मालाचा घ्यायचा, हेही त्यांनी मान्य केलं. नुसतं पाणी भरून चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण पाणी स्वतःहून तापत नाही. ते खऱ्या घाण्यातच कळणार. फलाटावर तावडेच असतील. त्यांना मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे आधी सुरेखाबाई की तुम्ही?"

शुक्रवारी सांगते, म्हणाले. गेले काही दिवस मी दोन्ही बाजूंचे कागद मांडून बसते. वेग कमी करणं आधी घ्यावं, तर मी ते कागदांवरून ठरवते आहे की तू गेलीस म्हणून, हे मला कळत नाही. तुझ्या आठवणीला मान म्हणून केटलचे आकडे ठरवलेले तुला मुळीच खपले नसते. घाबरतस कित्याक, सरळ बघ, असं मालवणीत म्हणाली असतीस. केबल आधी घ्यावी, तर त्यात माझा अहंकार किती आणि माझी खात्री किती, हेही मला नीट वेगळं काढता येत नाही. आणि याहून खाली, जिथे मी सहसा बघत नाही, तिथे आणखी एक गोष्ट आहे. घाणा सरळ गेला किंवा लाटेवर चढला, कसंही झालं तरी त्या दिवशी मला कळेल, की पहिल्या केटलवरची ती रेघ कुणाची होती. आपला वाद मिटेल. सध्या तो चालू आहे, तोवर मी रोज पॅनलरूममध्ये तुझ्याशी बोलते आहे.

सुरेखा, आता क्षणभर तुझ्याकडे पाठ करते, आणि तुझ्यासमोर हे विचारण्याचं धाडस नाही म्हणूनच पाठ करते.

वाचकहो, दोघींची बाजू मी जमेल तितक्या प्रामाणिकपणे तुमच्यापुढे ठेवली आहे. तुमच्यापैकी काहींनी यंत्रांपुढे आयुष्य काढलं आहे. ज्यांनी नाही, त्यांनी घरात, दवाखान्यात, कुठेतरी असा निर्णय घेतलाच असेल. शुक्रवार जवळ आला आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर आधी कुणाचा बदल करून पाहिला असता, तिचा की माझा?